वाजवून दाखवा, मग पैसे मागा

"बाबा, सील फोडलंत तर घ्यावीच लागेल."

शनिवारी दुपारी नाशिकच्या मेन रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानदाराने माझ्या 81 वर्षांच्या वडिलांना हे ऐकवलं. अण्णांच्या हातात गायक पलुस्करांची लाँग प्ले रेकॉर्ड होती, साठएक वर्षांपूर्वीची. तिला कसलं आलंय सील? भाजी गुंडाळायचा तो पातळ प्लास्टिकचा कागद याने स्वतः गुंडाळला, कडेला चिकटपट्टी मारली आणि म्हणे सील. आत काय आहे ते बघायचं नाही, ऐकायचं तर त्याहून नाही. पैसे टाका आणि न्या. तीन दिवस झाले, माझ्या डोक्यातून तो माणूस जात नाही.

हा शनिवार-रविवार आम्ही महिनाभर आधी ठरवला होता. अण्णांचा रेकॉर्ड प्लेयर कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. दादाने दिवाळीत तो डोंबिवलीला नेला, सुई आणि बेल्ट बदलून आणला. पण लावायला घरात एकही रेकॉर्ड नाही. आम्ही आधी दहीपुलाजवळच्या वाड्यात, तळमजल्यावर राहायचो. 2 ऑगस्ट 2016 ला गोदेचं पाणी आत शिरलं. रेकॉर्डची ट्रंक पलंगाखाली होती. कव्हरांचा लगदा झाला, सगळं चिखलाने माखलं आणि आवराआवरीच्या घाईत आम्ही तबकड्याही भंगारात दिल्या. साबणाच्या पाण्याने धुतल्या असत्या तर बऱ्याचशा वाचल्या असत्या. तेव्हा कुणालाच सुचलं नाही. अण्णा त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून तर जास्त लागतं.

तर दादा, वहिनी आणि भाचा शुक्रवारी रात्रीच्या पंचवटीने आले. सकाळी अण्णा आठ वाजताच स्वेटर-मफलर चढवून, बूट घालून तयार. खिशात यादी. पहिलं नाव पलुस्कर, म्हणजे द. वि., बापूराव. ते आमच्या नाशिकचे, 1921 चा जन्म. त्यांच्या वडिलांचा, विष्णु दिगंबरांचा, रामनाम आधार आश्रम पंचवटीत. बापूराव 1955 मध्ये गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. या माणसाचा आवाज आता जो काही उरलाय तो रेकॉर्डिंगमध्ये. अण्णांना तो मोबाइलवर नको होता. त्यांना त्यांच्या प्लेयरवर, त्यांच्या खुर्चीत बसून ऐकायचा होता. चूक काय त्यात?

पहिल्या दुकानात एक पोरगा 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या फडक्याने चकाचक करत बसला होता. बाजूला स्पिरिटची बाटली. मी ओरडलेच त्याच्यावर. अरे, त्या तबकड्या लाखेच्या! सुताराला विचार चपडी, म्हणजे हीच लाख, कशात विरघळवतात ते. स्पिरिटमध्येच! तू पुसत नाहीयेस, वरचा थर खरवडून काढतोयस. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं असतं, त्यातलं किती त्या फडक्यात गेलं देव जाणे. त्याचा मालक म्हणतो, "ताई, हॉटेलवाले भिंतीवर लावायला नेतात, चमक पाहिजे त्यांना." वाजतात का, असं विचारलं तर म्हणे कोण वाजवतं हल्ली. आम्ही वाजवतो! चार माणसं समोर उभी आहोत ना तुमच्या!

पुढचं दुकान हे सीलवाल्याचं. पलुस्करांची लाँग प्ले बघून अण्णांचे हात थरथरले, मी पाहिलं ते. किंमत 2800 रुपये. कव्हरच्या कोपऱ्यावर पेनने लिहिलेलं, "मिंट". मिंट म्हणजे काय ते याला ठाऊक तरी आहे का? जिच्यावर सुई टेकलेली नाही, कारखान्यातून आली तशीच आहे, ती मिंट. साठ वर्षं कुणाच्या तरी घरात वाजलेली, चार हातांतून फिरलेली तबकडी मिंट कशी असेल? दादाने शांतपणे विचारलं, दोन मिनिटं लावून दाखवता का? तर मशीन गोडाऊनला आहे. बरं, नुसती बाहेर काढून उजेडात बघू? तर ते सीलचं पुराण. वर मोबाइल पुढे केला, परदेशात हीच किती डॉलरला जाते बघा. पण तिथे विकणारा लिहून देतो की चरा कुठे आहे, खरखर किती आहे. हा तिथली किंमत तेवढी घेतो.

अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. पोस्टाची तिकिटं छापून आली की शीट तपासायचं काम. रंग जरा सरकला, कडेचं एक भोक चुकलं की शीट बाजूला. आयुष्यभर तपासल्याशिवाय हातातून काही पुढे सोडलं नाही त्यांनी. त्या माणसाला हा म्हणतो, हात लावायचा नाही.

2400 ला घेतली. का घेतली म्हणाल तर अण्णांनी ती छातीशी धरली होती, आणि दादाला त्यांच्या हातातून काढून घेववेना. वहिनीने एक नाट्यगीतांची पण घेतली, 900 ला, तीही प्लास्टिकमध्ये बंद.

घरी आल्यावर नाट्यगीतांच्या कव्हरमधून निघाली कुठल्याशा बँडची रेकॉर्ड. लेबलवर सरळ लिहिलेलं आहे, म्हणजे गुंडाळताना त्याने वाचलेलं आहे. ही चूक नाही, हा खोटेपणा आहे.

पलुस्करांची निदान त्यांचीच निघाली. आतल्या कागदातून काढली तर बोटांना बुळबुळीत लागलं. मी वास घेतला. खोबरेल तेल! चरे दिसू नयेत, काळीभोर चमकावी म्हणून तबकडीला तेल चोळलं होतं. रेषेरेषेत तेल, तेलात धूळ, धुळीचा झालेला चिखल. खिडकीशी तिरकी धरली तेव्हा खरं दिसलं. मधल्या लेबलपासून कडेपर्यंत गेलेला एक चरा, नखाला लागेल एवढा खोल. अण्णा खुर्चीत बसलेले, डोळे मिटलेले. दादाने सुई टेकवली. आधी नुसती खरखर, मग तो आवाज, तो स्वच्छ, निर्मळ आवाज. वहिनीने स्वयंपाकघरातला नळ बंद केला. भाचाही मोबाइल ठेवून बसला. ताल सुरू झाला, आलाप वर चढला आणि खट्ट. सुई त्याच रेषेत अडकली. लाँग प्ले मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. दर 1.8 सेकंदांनी तोच अर्धा शब्द आणि तोच खट्ट. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "राहू दे, एवढंच ऐकतो." दादा उठून गॅलरीत गेला.

दुकानदाराला फोन केला. विकलेला माल परत घेत नाही, जुन्या मालाला गॅरंटी नसते. अरे, गॅरंटी मागितली कुणी? दोन मिनिटं वाजवून दाखव म्हणत होतो! जुनी आहे, खरखरणार, हे आम्हाला कळतं की. चरा असेल तर चरा आहे म्हण, चारशे सांग. तरीही आनंदाने घेतली असती. सायकल घेताना माणूस एक चक्कर मारतो, कलिंगड घेताना ठोकून बघतो, हापूसची पेटी उघडून वास घेतो. आणि जी वस्तू फक्त ऐकण्यासाठी बनली ती न ऐकता घ्यायची?

सगळेच असे असतात असं मला म्हणायचंच नाही. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आम्ही भद्रकालीत गेलो होतो, एका भंगारवाल्याकडे. त्याच्याकडे ना प्लेयर, ना कव्हरं, गोणपाटावर दहा-पंधरा तबकड्या उभ्या लावलेल्या. त्याने स्वतः एक एक उचलून उन्हात धरली. "हिला चरा आहे, वाजणार नाही, नका घेऊ. ही जराशी वाकली आहे. ही चांगली वाटते, पन्नास द्या." तबकड्या आडव्या रचल्या तर वाकतात हेही त्याला ठाऊक होतं. त्याला गाण्यातलं कळतं का ते मी विचारलं नाही. नजर आणि जीभ दोन्ही साफ होत्या. त्याच्याकडून घेतलेल्या तिन्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजल्या.

दादाची मंडळी संध्याकाळी परत गेली. निघताना वहिनी म्हणाली, जाऊ द्या ना वन्सं, चोवीसशेसाठी एवढं काय. पैशांचं नाहीच ते! अण्णांचा महिनाभराचा उत्साह होता त्यात. तळहाताएवढ्या कागदावर त्यांनी अकरा नावं लिहिली होती, त्या थरथरत्या अक्षरात. काल सकाळी मी विचारलं, पुढच्या शनिवारी जायचं का परत? म्हणाले, बघू. अण्णांचं "बघू" म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी जाणार आहे. प्लेयर पिशवीत घालून जाणार, त्याच्या काउंटरवर ठेवणार आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर ती रेकॉर्ड लावणार. ऐकू दे सगळ्यांना मिंट कशी वाजते ते.

सध्या ती ओट्याशेजारी आहे. लेबलवर वाटी पालथी धरायची, कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं रेषांच्या दिशेने गोल फिरवायचं. चरा काही जायचा नाही, पण तेल तरी निघेल. आज तिसऱ्यांदा धुतली. पाण्यावर अजून तवंग येतोय.