'पिशवी काढायला लावा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत असतो. शिरेतून जे जेवण देतात, म्हणजे टीपीएन, त्यात साखर असते. साखरेवर बुरशी वाढते आणि थेट रक्तात जाते. हॉस्पिटलवाले पैशासाठी ते लावतात. म्हणून पिशवी काढायला लावा, नाकातल्या नळीने पेज द्या, बुरशी आपोआप जाईल.

यातली एक गोष्ट खरी आहे. टीपीएनवरच्या रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी जास्त सापडते, आणि डॉक्टरांना हे १९७१ पासून माहीत आहे. पण त्याचं कारण मेसेज चुकीचं सांगतो.

सीलबंद पिशवी निर्जंतुक असते. बुरशी आत शिरते ती बहुतेक वेळा मानेजवळच्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून. लाइनचं तोंड उघडताना हात नीट धुतलेले नसले, तर त्वचेवरची कॅन्डिडा आत जाते. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस ही जात तर हातांवरूनच पसरते आणि नळीच्या प्लास्टिकवर चिवट थर धरते. एकदा आत गेली की पिशवीतलं ग्लुकोज आणि विशेषतः स्निग्धांश तिला पोसतात. दुसरी वाट आतड्याची. तिथे कॅन्डिडा एरवीही असते. जोरदार अँटिबायोटिक्सनी तिला आवरणारे जिवाणू मेले आणि आतडं फाटलं किंवा कापावं लागलं, की ती आतड्याबाहेर पडून रक्तात जाते. साखरेचा दोष आहेच, पण तो रुग्णाच्या रक्तात पाहायचा असतो: रक्तातली साखर चढली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत. ती इन्सुलिनने आणि पिशवीतलं ग्लुकोज कमी करून आवरता येते.

'नळीने दिलं तर धोकाच नाही.' आतडं चालत असेल तर नळीनेच द्यावं, यात वाद नाही. पण आतडं अडलेलं असेल, त्याचा बराच भाग काढलेला असेल, तर पेज कुठे जिरणार? शिवाय फरक वाटतो तितका मोठा नाही. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ३३ आयसीयूंतल्या सुमारे २,४०० रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. नळीने आणि शिरेतून जेवण देण्यात एकूण संसर्गांचं प्रमाण, तसंच ३० दिवसांतले मृत्यू जवळपास सारखेच निघाले. खरा फरक वेळेने पडलेला दिसतो. बेल्जियममध्ये ४,६४० रुग्णांवरच्या २०११ च्या अभ्यासात, नळीतून कमी पडणारं जेवण शिरेतून पुरवायला पहिल्या ४८ तासांत सुरुवात केली तेव्हा संसर्ग जास्त झाले; आठव्या दिवसापर्यंत थांबले तिथे कमी. तेव्हा 'एवढ्या लवकर गरज आहे का?' हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. 'पैशासाठी लावतात' याचंही उत्तर त्यातूनच मिळतं, कारण गरज असेल तर डॉक्टरांना कारण सांगता आलं पाहिजे.

'पिशवी काढली की बुरशी जाते' हे मात्र जिवावर बेतणारं वाक्य आहे. रक्तात कॅन्डिडा सापडली की शक्य तितक्या लवकर लाइन काढावी लागते आणि बुरशीविरोधी औषध शिरेतून सुरू करावं लागतं. रक्ताची तपासणी बुरशीमुक्त आल्यावरही ते साधारण चौदा दिवस चालतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून पडदा तपासून घेतात, कारण ही बुरशी डोळ्यात जाऊन बसते आणि बेशुद्ध रुग्ण 'मला धूसर दिसतंय' असं सांगू शकत नाही.