ताशी 32

रॅली म्हटलं की डोळ्यांपुढे येतात धुरळा उडवत सुसाट सुटलेल्या गाड्या. म्हणून ओसाकातल्या शेजारच्या काकांनी (आहेत जपानी, पण मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणतो) "जुन्या गाड्यांच्या रॅलीला रस्ता सांगायला येता का?" असं विचारलं, तेव्हा बायकोने आधी माझ्या विम्याची पावती शोधली.

उगाच. काकांची गाडी सुबारू 360. इंजिन 356 सीसीचं, टू-स्ट्रोक, तेही मागच्या बाजूला. सुरू केली की वास थेट पुण्यातल्या जुन्या रिक्षाचा. शिवाय या रॅलीत पहिलं पोचणं हा गुन्हा. अमुक टप्पा ताशी 32च्या सरासरीने, असं ठरवून देतात आणि कुठल्यातरी वळणाआड एक माणूस घड्याळ घेऊन बसतो. सेकंदाचा उशीर झाला तर दंड. ते ठीक. पण सेकंदभर लवकर आलात तरी दंड! आमच्याकडे सभेला लवकर येणाऱ्याला सतरंज्या घालाव्या लागतात हे खरं, पण निदान चहा तरी मिळतो.

मार्ग शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यातला, राष्ट्रीय महामार्ग 439. महामार्ग म्हणायचं ते कागदोपत्री. लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी बऱ्याच ठिकाणी एका गाडीपुरती. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि वळणावळणावर गोल आरसे. समोरून भाजीचा छोटा पांढरा ट्रक आला की कुणीतरी मागे जायला हवं. काका लगेच मागे जायचे. ट्रकवाले आजोबाही मागे जायचे. रस्ता दोघांनाही मोकळा, पुढे कुणीच येत नाही, आणि माझ्या हातातलं घड्याळ मात्र पळतंय.

माझ्याकडे रोडबुक. टिंब म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा, शेजारी अंतर. हे गुडघे हनुवटीला टेकवून वाचायचं. पेन्सिल खाली पडली की गेली; वाकायला जागाच नाही. चढावर गाडी ताशी वीसवर आली, तेव्हा राहिलेले सेकंद उतारावर वसूल करू या, असं मी सुचवलं. "वेग वाढवता येईल," काका शांतपणे म्हणाले, "कमी करणं अवघड जाईल." ब्रेकचा विषय मी परत काढला नाही.

मग नागोरो लागलं. गावात माणसं मूठभर. त्सुकिमी आयानो नावाच्या बाई ओसाकाहून गावी परतल्या, शेतात वडिलांच्या चेहऱ्याचं बुजगावणं उभं केलं, आणि मग वारलेल्या, गाव सोडून गेलेल्या माणसांच्या जागी बाहुल्या बसवत गेल्या. आता त्या शेकड्यांनी आहेत. 2012 साली बंद पडलेल्या शाळेतही वर्ग भरलेला, मास्तरांसकट.

काकांची पंचाईत अशी की वडीलधारं माणूस दिसलं की त्यांची मान आपोआप लवते, आणि मान लवली की पाय अॅक्सिलरेटरवरून उठतो. बसथांब्यावरच्या आजीबाईंना नमस्कार. शेतातल्या जोडप्याला नमस्कार. ओट्यावर बसलेल्या अख्ख्या कुटुंबाला तर त्यांनी एकेक करून नमस्कार केला. "अहो, बाहुल्या आहेत त्या," मी म्हटलं. काकांचे कान लाल झाले. स्टिअरिंग घट्ट धरून ते सरळ समोर बघू लागले.

पुढच्याच वळणावर एक गृहस्थ टेबलामागे निश्चल बसले होते. डोक्यावर टोपी, हातात झेंडा. "बाहुली," काका ठामपणे म्हणाले आणि गाडी पुढे काढली.

आरशात बघतो तर बाहुली झेंडा घेऊन धावत येतेय.

काका उतरले, कमरेतून वाकले. पंचांनी त्याहून खाली वाकून माफी मागितली: इतकं स्तब्ध बसायला नको होतं, चूक आपलीच. छे छे, चूक माझी, काका आणखी खाली. मागे एक डॅटसन येऊन थांबली, तिच्यामागे दोन होंडा. कुणाचा आवाज नाही. उलट डॅटसनवाले खाली उतरून, आपण फार जवळ येऊन थांबलो म्हणून, दोघांची माफी मागू लागले. पंचांच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. ताशी 32ची सरासरी एव्हाना पायी चालणाऱ्याची झाली असावी.

शेवटी गाडीत बसल्या बसल्या हात लांबवून हॉर्न मीच वाजवला.