दळण, रबाळे आणि आमची सातवीतली लेक

परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, लेकीला एकटीला ट्रेनने ठाण्याला पाठवतेस? भीती नाही वाटत?" वाटते ना काकू, दर शनिवारी वाटते. पण ती भीती माझी आहे, तिच्यावर का लादू? लिफ्टमध्ये एवढं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याकडे सुरुवात दळणापासून झाली. लेक दहा वर्षांची झाली तेव्हा तिला सांगितलं, आजपासून घरचं दळण तुझं. म्हणजे पीठ किती उरलंय यावर लक्ष तिनेच ठेवायचं, गहू निवडायचे, गिरणीत काकांना "गव्हावरच टाका" सांगायचं, पैसे द्यायचे, आणि घरी आल्यावर पीठ गार होईपर्यंत डब्याचं झाकण लावायचं नाही. तिसऱ्याच खेपेला ती सांगायला विसरली आणि आमचे गहू ज्वारीवर पडले. पोळी लाटताना कडा फाटायच्या. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वेळी मी जाते. मी म्हटलं, नको आई, तिलाच जाऊ दे. ते पीठ संपेपर्यंत आम्ही त्याच पोळ्या खाल्ल्या आणि तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. आता ती गिरणीत गेली की आधी कुणाचं काय दळलंय ते विचारते, ज्वारी असेल तर मागच्याला पुढे जाऊ देते.

मला खरंच वाटतं की आपण मुलांना कामं सांगतो, जबाबदारी देत नाही. "पीठ संपलंय, जा" असं मी म्हटलं की लक्ष ठेवणारी मीच राहिले, पाय तेवढे तिचे.

माझ्या आईने कोसबाडला बालवाडीचं ट्रेनिंग घेतलं होतं, त्यामुळे बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं घरात लहानपणापासून ऐकलीयत. १९४५ ला बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला त्यांचं काम चाललं, तेव्हा तो भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची, म्हणून शाळेत येऊ शकायची नाहीत. तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली, आणि भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी, शाळा एकाच जागी आणली. मुलाच्या अंगावरची जबाबदारी खरी मानून शाळा तिच्याभोवती उभी केली, हे मला फार मोठं वाटतं. आणि आपण बारा वर्षांच्या मुलाचं दप्तर बसपर्यंत उचलून नेतो!

बँकेचंही तेच, दहा वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं सेव्हिंग खातं स्वतः चालवता यावं अशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच दिलीय, पण किती घरांत मुलांच्या हातात पैसे आणि हिशेब दोन्ही असतात?

ट्रेनचं सांगते. ठाण्याच्या नौपाड्यात तिचा तबल्याचा क्लास. सहा शनिवार मी सोबत गेले, शेवटचे दोन तर तिच्या मागून चालले, पुढे ती. येताना वाशी, पनवेल, नेरुळ कुठलीही गाडी पकडली तरी आमचं ऐरोली लागतंच, त्यामुळे गाडी चुकायची भीती नाही. रेल्वेच्या मदतीचा १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर पाठ आहेत. अंधार पडायच्या आत घरी, रूळ ओलांडायचे नाहीत, यात तडजोड नाही. तरी एकदा बोलण्याच्या नादात ऐरोली गेलं, पुढच्या स्टेशनला, रबाळ्याला उतरली, पुलावरून पलीकडे जाऊन उलटी गाडी पकडून आली आणि घरी आल्यावर मग सांगितलं. माझे हात थरथरत होते, पण तिच्यासमोर मी फक्त "बरं केलंस" म्हटलं.

अजून एक खटकतं. मुलगा नाक्यावर एकटा फिरतो पण स्वतःचं ताट उचलत नाही, मुलगी घर सांभाळते पण नाक्यापर्यंत एकटी जात नाही. दोघांचंही अर्धंच शिक्षण होतं.

धाकटा आठचा आहे. त्याच्याकडे सकाळचं दूध दिलंय, पिशव्या दारातून घ्यायच्या, मोजायच्या, फ्रिजमध्ये ठेवायच्या. काल ठेवायला विसरला, दूध नासलं. संध्याकाळी सगळ्यांनी कोरा चहा घेतला, आजोबांनी सुद्धा, आणि आज सकाळी दारापाशी जाऊन पिशव्या मोजताना त्याचा आवाज मी बेडरूममधून ऐकला.