साइडिंग रंगवण्याचे सात नियम, आणि त्यांतला तिसरा

‘साइडिंग बदलण्याच्या भानगडीत पडू नका, चार दिवसांच्या सुट्टीत स्वतः रंगवा’ अशा मथळ्याचा एक संदेश गेले काही दिवस अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांमध्ये या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. साइडिंग म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवर चढवलेले लाकडाचे, प्लास्टिकचे किंवा पत्र्याचे आवरण. संदेशात सात नियम दिले आहेत. साइडिंग कुठलीही असो, चांगला ॲक्रिलिक रंग तिच्यावर बसतोच, हा पहिला. भिंत प्रेशर वॉशरने पूर्ण दाबाने धुवावी, हा दुसरा. जुना रंग सँडरने, म्हणजे घासकागदाच्या यंत्राने, लाकूड दिसेपर्यंत घासून काढावा, स्वतःच्या घराला परवाना लागत नाही, हा तिसरा. प्रायमर मिसळलेल्या रंगाचा एकच हात पुरतो. गडद छटा घ्यावी, मळ दिसत नाही. दिसेल ती फट सीलंटने बुजवावी. आणि सिरॅमिकचे सूक्ष्म मणी घातलेला रंग लावल्यास भिंतीत उष्णतारोधक भरण्याची गरज उरत नाही, हे उरलेले चार.

असले संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो माझ्या धाकट्या बहिणीने पाठवला आणि खाली लिहिले, ‘दादा, शनिवारी सँडर भाड्याने आणतोय, तू येशील का मदतीला?’ सोबत भिंतीचा फोटो होता. तिचे घर 1930च्या दशकात बांधलेले, आडव्या लाकडी फळ्यांचे आहे. फोटोत रंगाला मगरीच्या पाठीसारख्या चौकोनी भेगा पडलेल्या होत्या, पोपडे सुटून खालच्या मातीत पडले होते, आणि फोटोच्या कोपऱ्यात माझी दीड वर्षांची भाची त्याच मातीत प्लास्टिकची बादली घेऊन बसलेली होती. म्हणून सुरुवात तिसऱ्या नियमापासूनच करतो. बाकीच्या बहुतेक नियमांनी फार तर पैसे आणि सुट्टी वाया जाईल.

अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर 1978 साली बंदी आली. त्यापूर्वी बाहेरच्या लाकडासाठी शिशाचा सफेदा तेलात खलून केलेला रंग हा उत्तम आणि टिकाऊ माल समजला जात असे, आणि घर जितके जुने तितकी त्याच्या भिंतीवर हा माल असण्याची शक्यता जास्त. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या अंदाजानुसार 1940पूर्वी बांधलेल्या घरांपैकी 87 टक्के घरांत कुठे ना कुठे शिसेयुक्त रंग आहे. 1960 ते 1977 या काळातल्या घरांतही हे प्रमाण 24 टक्के आहे. वरचा थर गेल्या दहा वर्षांतला असला म्हणून काही बदलत नाही, कारण ‘लाकूड दिसेपर्यंत’ घासणे याचा अर्थ मधले सगळे थर, अगदी 1930च्या दशकातल्या पहिल्या हातापर्यंतचे, पीठ करून हवेत उडवणे असाच होतो.

भिंतीला घट्ट चिकटलेला जुना रंग फारसा धोकादायक नसतो. त्याची धूळ झाली की तो धोकादायक होतो. ही धूळ खिडकीच्या चौकटीत, पायपुसण्यावर आणि भिंतीलगतच्या मातीत बसते. शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, विरत नाही. मातीत पडले की पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहते. लहान मुले हात तोंडात घालतात, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट शिसे त्यांच्या शरीरात शोषले जाते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरवता आलेले नाही, आणि मेंदूच्या वाढीवर झालेला परिणाम नंतर औषधाने भरून निघत नाही. या सगळ्यापुढे संदेशातला सल्ला ‘नाकाला रुमाल बांधा’ एवढाच आहे. रुमाल बांधणार तो रंगवणारा. मातीत बसलेल्या मुलीचे काय, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याच्या मनालाही शिवलेला दिसत नाही.

परवान्याबद्दलचे विधान मात्र, नाइलाजाने कबूल करतो, अर्धे खरे आहे. ईपीएचा नूतनीकरण, दुरुस्ती आणि रंगकामाविषयीचा नियम 2010च्या एप्रिलपासून पूर्णपणे लागू आहे. 1978पूर्वीच्या घरात मोबदला घेऊन काम करणाऱ्यांनी बाहेरच्या बाजूचा 20 चौरस फुटांहून अधिक रंगवलेला भाग खरवडण्याचे काम घेतले, तर त्यांना प्रमाणपत्र लागते. स्वतःच्या राहत्या घराचे काम स्वतः करणाऱ्याला हा नियम बांधील धरत नाही. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणून धूळ निरुपद्रवी होत नाही. तोच नियम व्यावसायिकाला काय करायला लावतो ते पाहिले, तर संदेशातल्या सल्ल्याची किंमत कळते. भिंतीपासून किमान 10 फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरायचे, कामापासून 20 फुटांच्या आतली सगळी दारे-खिडक्या बंद ठेवायच्या, आणि अतिबारीक धूळ अडवणाऱ्या हेपा गाळणीचे धूळशोषक जोडलेले नसेल तर सँडरसारखे यांत्रिक अवजार वापरायचेच नाही. उघड्या ज्योतीने रंग जाळण्याला पूर्ण मनाई आहे, आणि हीट गन 1100 अंश फॅरनहाइटच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे प्रशिक्षित माणसाला, त्याचा पोटापाण्याचा धंदा असूनही, जे काम अशा रीतीने करायला मनाई आहे, ते हा संदेश घरमालकाला सुट्टीतला विरंगुळा म्हणून सुचवतो.

मुळात लाकूड दिसेपर्यंत घासण्याची गरजच नसते. सुटलेला रंग तेवढा निघाला पाहिजे. जो घट्ट बसला आहे तो खाली राहू द्यायचा. घट्ट आहे की नाही हे कळण्याची युक्ती सोपी आहे: धारदार पात्याने रंगावर फुली मारावी, तिच्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्यात ओढावी, पट्टीला रंगाचे तुकडे लागले नाहीत तर तो थर नव्या रंगाचा भार सोसेल. जुन्या घरात ही फुलीसुद्धा रंगात शिसे आहे की नाही हे ठरल्यावरच मारावी. पुढेही पाण्याचा फवारा मारून, ओल्या पृष्ठभागावर हाताने खरवडणे हा मार्ग आहे; तो कंटाळवाणा आहे आणि चार दिवसांत उरकत नाही.

आता पहिला आणि पाचवा नियम एकत्र घेतो, कारण व्हिनाइलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, साइडिंगवर ते दोन्ही मिळूनच घात करतात. व्हिनाइल रंगवता येतच नाही असा उलट्या टोकाचा समजही प्रचलित आहे आणि तोही चूक आहे. स्वच्छ धुतलेल्या व्हिनाइलवर ॲक्रिलिक रंग बसतो. मात्र व्हिनाइलची साडेबारा फुटांची पट्टी थंडी-उन्हाच्या फेऱ्यात अर्धा इंच किंवा त्याहूनही अधिक लांबते-आखडते. म्हणूनच ती खिळ्यांनी आवळत नाहीत, लांबट भोकांतून सैल टांगतात. फिक्या रंगाच्या पट्टीवर गडद रंग चढवला की ती मूळ हिशेबापेक्षा जास्त तापते, आणि साधारण 160 अंश फॅरनहाइटच्या पुढे हे प्लास्टिक मऊ पडू लागते. (शेजारच्या घराच्या ऊर्जाबचतीच्या काचांवरून परावर्तित झालेल्या उन्हानेसुद्धा व्हिनाइल वितळून लोंबल्याची उदाहरणे आहेत, त्यात आपण काळा रंग लावून भर घालावी असे काही नाही.) रंगाच्या नमुन्याच्या कार्डावर प्रकाश-परावर्तनाचा आकडा छापलेला असतो, तो 55च्या खाली असेल तर व्हिनाइलसाठी म्हणून खास बनवलेलाच रंग घ्यावा, नाहीतर मूळ छटेइतका किंवा त्याहून फिका रंग निवडावा. शिवाय पट्टीची हमी रंग लावल्याने रद्द होते का, हे डबा उघडण्याआधी वाचावे.

ॲल्युमिनियमचे दुखणे वेगळे आहे: त्याचा जुना थर खडूसारखा भुकटतो. काळे कापड भिंतीवरून फिरवून पांढरे झाले, तर ती भुकटी धुऊन काढल्याखेरीज वर लावलेला कोणताही रंग भिंतीला न चिकटता भुकटीलाच चिकटतो. आणि साधारण 1920 ते 1970च्या दशकांमधली, सिमेंटसारखी कडक आणि ठिसूळ तुकड्यांची साइडिंग दिसली, तर ती ॲस्बेस्टॉसमिश्रित (धूळ श्वासात गेली की फुफ्फुसांना घातक ठरणारे तंतुमय खनिज) असू शकते. अशी अखंड साइडिंग रंगवणे चांगलेच, पण तिला सँडर, ड्रिल किंवा जोराच्या पाण्याचा मारा लावायचा नाही. ‘साइडिंग कुठलीही असो’ या तीन शब्दांत संदेशाने हे सगळे गुंडाळून टाकले आहे.

दुसरा आणि सहावा नियम मला वैयक्तिक रागाचा वाटतो, कारण सहाव्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. आडव्या फळ्या एकमेकींवर कौलांसारख्या चढवलेल्या असतात; वरची फळी खालचीवर जिथे टेकते, तिथली बारीक फट सुताराच्या हलगर्जीपणाने राहिलेली नसते, आत शिरलेले पाणी आणि वाफ तिथूनच बाहेर पडते. माझ्या घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवरची अशी एकूण एक फट मी मोठ्या निष्ठेने सीलंटने बुजवली होती. दुसऱ्या पावसाळी हंगामात रंगाला तळहाताएवढे फोड आले. एक फोड नखाने फोडला तर आतून पाणी ओघळले आणि मागे उघडे, काळवंडलेले लाकूड दिसले. सीलंट लागतो तो खिडकी-दाराच्या चौकटीशी आणि फळ्यांच्या उभ्या सांध्यांशी, आणि तिथेही व्हिनाइल असेल तर उत्पादक सांगेल तितकाच. प्रेशर वॉशरचे पाणी तर खालून वर मारले की याच फटींतून थेट भिंतीच्या आत जाते, आणि ओल्या लाकडावर लावलेला उत्तम रंगसुद्धा सालपटासारखा सुटतो. बागेचा साधा पाइप, लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि साबण एवढ्याने काम होते. शिसे किंवा ॲस्बेस्टॉस असेल तर प्रेशर वॉशर हा तिसऱ्या नियमाचाच भाऊबंद ठरतो.

चौथ्या नियमाला थोडी सूट देतो. जुना रंग घट्ट, स्वच्छ आणि साधारण त्याच छटेचा असेल तर प्रायमर मिसळलेला रंग चालतो. उघड्या लाकडावर तो चालत नाही. सीडर किंवा रेडवुडमधली तपकिरी द्रव्ये पाण्यात विरघळून वर येतात आणि नव्या पांढऱ्या भिंतीवर चहाचे ओघळ आल्यासारखे दिसते. तिथे डाग अडवणारा वेगळा प्रायमर आणि वर रंगाचे दोन हात द्यावेतच. लाकूड उघडे केल्यावर त्याला दोन आठवड्यांच्या आत प्रायमर लावावा, कारण नुसत्या उन्हानेही लाकडाचा वरचा पातळ थर मोडतो आणि रंगाची पकड जाते.

सातव्या नियमाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भिंतीतल्या उष्णतारोधकाच्या जागी असले रंग वापरू नयेत, अशी ईपीएचीच स्पष्ट भूमिका आहे. फिका रंग उन्हाची उष्णता परतवतो एवढे खरे. थंडीत घराची ऊब धरून ठेवणे मिलिमीटरच्या अंशाइतक्या जाडीच्या थराला जमत नाही.

राहिला मथळा. साइडिंग सरसकट बदलू नये हे मला मान्य आहे, कारण चांगले जुने लाकूड उखडून प्लास्टिक लावण्यात मलाही शहाणपण दिसत नाही. पण रंगवावे की बदलावे याचे उत्तर संदेशात नसून भिंतीच्या तळाशी असते. जमिनीलगतच्या फळ्यांत, खिडक्यांच्या खाली आणि पन्हाळीच्या सांध्याशी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते मेणात शिरावे तसे शिरले तर ती फळी कुजली आहे आणि तिच्यावर कितीही हात दिले तरी उपयोग नाही. कुजलेल्या फळ्या दोन-चार असतील तर तेवढ्या बदलून बाकीची भिंत रंगवता येते. पन्हाळ गळत असेल तर ती आधी दुरुस्त करावी, नाहीतर रंग पुन्हा त्याच जागी सुटतो.

बहिणीच्या घरी मी गेलो, पण सँडर दुकानातच राहिला. मेहुण्यांनी थोडी कुरकुर केली, मग तिघांनी मिळून रंगाचा एक तुकडा लाकडापर्यंतच्या सगळ्या थरांसह, पाणी मारून, अलगद उचलला, झिपच्या पिशवीत बंद केला आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवला. मातीतले पोपडे ओल्या कागदाने वेचून काढले, भिंतीलगतच्या पट्ट्यावर प्लास्टिक आणि त्यावर जाड लाकडी भुसा टाकला, आणि भाचीची बादली परसदारी, कुंपणाच्या टोकाला नेली. मुलीच्या रक्ततपासणीसाठी डॉक्टरांची वेळ मंगळवारची मिळाली आहे. अहवाल येईपर्यंत कुठल्या छटेचा रंग घ्यायचा यावर त्या घरात वाद घालायला मनाई आहे.