इन्नू स्वल्प

माझा आणि बेळगावच्या सीमाप्रश्नाचा जन्म एकाच सालचा, १९५६. दोघांचंही दुखणं जुनं, दोघांवरही येणारा-जाणारा मत देऊन जाणार, आणि दोघांचीही तारीख पुढं पडत राहणार. त्याची २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडतेय. माझी घरातच पडायची. दिवाळी होऊ दे, मार्गशीर्ष जाऊ दे, यल्लम्माची जत्रा होऊ दे. शेवटी माझा निकाल आधी लागला. अक्षय्यतृतीया झाली आणि उजवा गुडघा बदलला.

गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. आडवं पडलं की अंगावर वजन नसतं, त्यामुळं गुडघा शहाण्या मुलासारखा दिसतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत त्याचं खरं रूप दिसलं. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते, ती डाव्या गुडघ्यात थोडी शिल्लक होती. उजव्यात हाड हाडाला टेकलेलं.

‘‘इथं बघा, बॉर्डरच राहिलेली नाही,’’ डॉक्टर म्हणाले.

बेळगावात जन्म काढून बॉर्डर राहिलेली नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्याच गुडघ्याबद्दल.

आमचे हे परिवहनच्या बसवर कंडक्टर होते. तीस वर्षं खानापूर-नंदगड लाइनीवर काढली. त्यांनी फोटो उजेडाकडं धरला, तिकीट तपासावं तसा उलटसुलट केला आणि विचारलं, ‘‘कुठला पाय, रैट काय?’’ डॉक्टर हो म्हणाले. ‘‘मग रैट!’’ हे म्हणाले. गाडी सुटली.

माझं मन काही सुटेना. चौतीस वर्षं मी मराठी शाळेत खडू झिजवला, त्याबरोबर गुडघा झिजला, याचं दुःख नव्हतं. दुःख होतं मांडीचं. ऑपरेशननंतर खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता आमचं सगळं आयुष्य जमिनीवर गेलेलं. विळी जमिनीवर, रांगोळी जमिनीवर, भजन, पंगत, शेंगा फोडणं, भांडण सुद्धा जमिनीवर बसून. खुर्चीवर बसून कुणाची उणीदुणी काढली तर त्यात चव येत नाही. ‘‘वाजपेयींनी दोन्ही गुडघे करून घेतले, तुला एकाला काय होतंय?’’ असं हे म्हणाले. मी लगेच दुरुस्ती केली, की डावा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये. शिवाय वाजपेयींना विळीवर बसून फणस कापायचा नव्हता.

मग तयारी सुरू झाली. गुडघा बदलायचा म्हणून गेले तर आधी दात बघितले. दातात नाहीतर लघवीत कुठं जंतू लपला असेल तर रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसतो म्हणे. म्हणजे गुडघ्याला जागा मिळाली रे मिळाली की सगळीकडचे उपरे राहायला येणार. दोन दाढा भरल्या. साखर, इसीजी, इको, छातीचा फोटो, सगळं झालं. एका कागदावर सही होती, तो कन्नड आणि इंग्रजीत. मी चष्मा लावून तिसरी भाषा शोधली, सवयीनं. मग मुलानं वाचून दाखवला. त्यात काय काय होऊ शकतं याची यादी इतकी मोठी होती की सही करताना मी तारखेऐवजी तिथीच लिहिणार होते.

घराचीही तयारी करावी लागली. पायपुसणी उचलली, कारण वॉकर त्यांत अडकतो. मोरीत दांडी बसवली. परसातल्या संडासाला कुलूप लागलं आणि जिन्याखाली कमोड आला. त्याची पूजा तेवढी करायची राहिली. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराचे उंबरे चांगले वीतभर उंच आहेत, ते काही काढता येईनात. प्रत्येक उंबऱ्यावर ह्यांनी खडूनं पांढरी रेघ मारली.

ऑपरेशनच्या सकाळी पहिली सिस्टर आली. ‘‘याव काल री?’’ कुठला पाय? मी उजवा म्हटलं. मग दुसरी आली, मग भूल देणारे, मग डॉक्टर स्वतः. त्यांनी उजव्या मांडीवर मार्करनं बाण काढला. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मलाच शंका यायला लागली. वर्गात पोराला एकच गणित पाच वेळा विचारलं की बरोबर उत्तर खोडून चुकीचं लिहितं, ते का, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

भूल कमरेत दिली, त्यामुळं कमरेखाली मी नव्हतेच आणि कमरेवर पूर्ण होते. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडं सुतारकाम सुरू झालं. खरंच सांगते, करवत, ड्रिल, मग ठक ठक ठक. धाकट्या दिराच्या घराची चौकट बसवताना असाच आवाज येत होता. आतला सगळा गुडघा काढून टाकतात अशी माझी समजूत होती. तसं नसतं. हाडांची झिजलेली टोकं कापून त्यांवर धातूची टोपणं बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात. मोडक्या छत्रीच्या काडीला टोपण घालावं तसं. वापरलेल्या प्रत्येक भागाचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवतात. ह्यांनी ती स्टिकरं, कंडक्टर तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल तपासतो तशी, एकेक करून बिलाशी ताडून बघितली. गुडघ्यांच्या किमतीवर सरकारनं २०१७ च्या ऑगस्टात मर्यादा घातली, हे त्यांना पाठ. हिशेब जुळल्यावरच ते माझ्याकडं वळले. ‘‘बरी हाईस न्हवं?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. फिजिओथेरपीची पोरगी, धारवाडकडची, वेणी घातलेली, माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाची. गोड हसली, माझ्या घोट्याखाली हात घातला आणि म्हणाली, ‘‘मडच्री अज्जी.’’ दुमडा आजी. मी इंचभर दुमडला. जीव डोळ्यात आला.

‘‘इन्नू स्वल्प.’’

अजून थोडं. मराठीत स्वल्प म्हणजे अगदीच जरासं, स्वल्पविराम म्हणजे क्षणभर थांबणं. त्या पोरीच्या तोंडी स्वल्पाला अंतच नव्हता. मी दुमडायची, ती म्हणायची इन्नू स्वल्प. आई गं म्हटलं तरी इन्नू स्वल्प. शेवटी माझ्या तोंडून माझं सगळं कन्नड बाहेर पडलं, ‘‘साकु! साकु! साकु!’’ पुरे, पुरे, पुरे. इतकी वर्षं कन्नड येत नाही म्हणून बँकेत मुलाला पुढं करायची मी. गरज पडल्यावर भाषा येते.

मग तिनं एक लांब दांड्यांचा कोनमापक काढला आणि गुडघ्याला लावला. ‘‘पासष्ट,’’ म्हणाली. माझ्यातली गणिताची बाई जागी झाली. मला तर पाय शंभराच्या वरच्या कोनात दिसत होता. बरीच हुज्जत घातल्यावर उलगडा झाला. आपण शाळेत ज्याला सरळकोन, १८० अंश म्हणून शिकवलं, तो यांचा शून्य. पाय जितका दुमडाल तितके अंश वाढतात. म्हणजे शाळेत जो कोन लहान होत जातो तोच दवाखान्यात मोठा होत जातो. नव्वद तेवढा दोन्हीकडं नव्वद. नव्वदच्या काटकोनावर आमचा तह झाला. तो गाठेपर्यंत मला तीन आठवडे लागले.

पण सगळ्यात मोठा दिवस पहिल्या चार पावलांचा. वॉकर धरून उभी राहिले तर पाय माझा नव्हताच, कुणीतरी उसना दिलेला, आणि तोही ओला, जड. हे समोर उभे. तीस वर्षांची सवय, तोंडातून गेलंच, ‘‘मुंद होग्री, मुंद होग्री, पुढं जागा हाय!’’ सिस्टर हसून खाली बसली. बोलताना आम्ही बेळगावच्या बायका ‘आलो-गेलो’ म्हणतो, लिहितानाच काय ते शाळेतलं मराठी आठवतं. मी ओरडले, ‘‘चाललो गे बाई मी!’’

घरी आल्यावर ह्यांनी कपाटातली शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. वहीत रकाने आखले. सोपा, म्हणजे बाहेरची खोली, ते देव्हारा पहिली स्टेज, देव्हारा ते चूल दुसरी, चूल ते मोरी शेवटचा स्टॉप. वेळ, अंश, शेरा. ‘उशीर: प्रवासी मध्येच रडला’ असा एक शेरा माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचलाय. चौदाव्या दिवशी टाके काढले, टाके कसले, स्टेपलरच्या पिनाच. एकेक ताटलीत पडताना मी मोजल्या, तेवीस. आमच्या उत्तरपत्रिकांना एकच असायची. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, पाय वाकडाच राहतो. रात्री उशी न घेता तो पाय कुठं ठेवायचा, याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. वेदनेच्या गोळ्यांनी पोटाचं जे काही केलं त्याबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, नवीन कमोडला मी महिनाभर नुसतीच भेट देऊन परत येत होते.

भेटायला येणारे कुंदा आणायचे, आमची बेळगावची खव्याची मिठाई. मला साखर. ह्यांचं वजन तीन किलोंनी वाढलं.

समोरच्या माई रोज यायच्या. त्यांचा गुडघा माझ्याच वयाचा, पण निर्गुडीच्या तेलावर त्यांचा विश्वास. ‘‘कशाला गे कापून घेतलीस? आमच्या मावशीनं केलंतं, आजून लंगडायलीय. मी बघ, तेल लावतो, मांडी घालून बसतो.’’ आणि माझ्यासमोर मुद्दाम खाली बसायच्या. मी खुर्चीवर, त्या जमिनीवर. परीक्षेत कमी मार्क पडलेल्या पोरीसारखं वाटायचं. उठताना मात्र आधी मला म्हणायच्या, ‘‘जरा पाणी आण जा,’’ नाहीतर ‘‘बघ दूध उतू जातंय.’’ मी वॉकर टेकत आत जायची, परत येईतो माई दारात उभ्या. हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

पाऊस संपत आला तोवर वॉकर जाऊन काठी आली होती. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हेही अंगवळणी पडलं होतं. कोन एकशेपंधरावर गेला. त्याच्या पुढं मी गेले नाही, आणि त्या धारवाडच्या पोरीनंही शेवटी ‘‘साकु अज्जी’’ म्हटलं. गुडघा अजून कधीकधी गरम लागतो, आतून टक् करतो, आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावलं तर काही कळत नाही. तेवढा तुकडा अजून कुणाच्याच ताब्यात नाही.

गौरी जेवायच्या दिवशी सोप्यात पंगत बसली. सगळ्या बायका पाटावर. मी एकटी खुर्चीवर, पुढं स्टुलावर केळीचं पान, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. माई ऐन समोर ऐसपैस मांडी घालून. पुरणपोळीवर तूप घेताना म्हणाल्या, ‘‘मांडी ती मांडी, काय म्हणतेस?’’ मी काही म्हटलं नाही. कटाची आमटी प्याले.

जेवणं झाली. एकेक बाई उठली, पानं उचलली गेली. माई बसलेल्याच. विडा मागितला, चघळला. गौरीच्या साडीची चौकशी केली. पोरींनी शेण फिरवायला म्हणून बादली आणली, तरी बसलेल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘‘बाई, जरा पाणी आण जा.’’

मी खुर्चीवरून उठले. एका हातात काठी होती, दुसरा पुढं केला. माईंनी आधी त्या हाताकडं बघितलं, मग दाराकडं, मग हळूच विचारलं, ‘‘एकंदर खर्च किती आला गे?’’

त्यांनी हात धरला. अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या.

‘‘इन्नू स्वल्प,’’ मी म्हटलं.

मागून दोन शिट्ट्या ऐकू आल्या.