कोयत्याला पाच गुण

पेपर तपासणीच्या केंद्रावरून आत्ताच घरी आले. राग शिळा व्हायच्या आधी लिहून टाकते, लांबेल, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

दुपारी चहाच्या सुट्टीत एक सर म्हणाले, "स्त्रीवादी सिद्धांताचा गठ्ठा मिळाला तर बरं असतं. व्याख्या आहे का बघायची, चार प्रवाह आहेत का बघायचे, शेवटी सावित्रीबाईंचं नाव आलं की नऊ-दहा द्यायचे. पुढं सगळ्या घरची गाऱ्हाणी लिहितात, ते वाचण्यात वेळ घालवायचा नाही." टेबलाभोवतीचे सगळे हसले. त्यात बायका होत्या. मी तिथंच बोलले. आवाज चढला. मग कुणीतरी "मॅडम, चहा गार होतोय" म्हणून विषय संपवला. त्यांच्यापुरता संपला असेल.

जे या कामात नाहीत त्यांना सांगते, हे तपासणं कसं चालतं. उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकलेला असतो, पेपर कुणाचा ते कळत नाही. ही पद्धत चांगलीच आहे, ती हवीच. सोबत एक आदर्श उत्तर असतं. आदर्श उत्तर म्हणजे मुद्द्यांची यादी. व्याख्या, पार्श्वभूमी, वैशिष्ट्यं, टीका, निष्कर्ष. उत्तरात हे मथळे दिसले, खाली रेघा मारलेल्या असल्या की बरोबरच्या खुणा पडत जातात. रसायनशास्त्रात हे चालत असेल. स्त्रीवादी सिद्धांताच्या दीर्घोत्तरी प्रश्नाला ही पट्टी लावली की नेमकं काय हरवतं, हे मी एका मुलीच्या पेपरात पाहिलंय, आणि ते डोक्यातून जात नाही.

काही वर्षांपूर्वी एम.ए.ला माझ्या वर्गात होती. बीडकडची. नाव लिहीत नाही. आईवडील ऊसतोडीला जाणारे, हंगामात ही आजीकडे राहून शिकलेली. वर्गात बोलायची नाही फारशी, पण वहीत समासापर्यंत भरून लिहायची. सत्र परीक्षेत प्रश्न आला, 'जे वैयक्तिक ते राजकीय' या भूमिकेची चिकित्सा करा, गुण 16. हिनं निकालानंतर उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि माझ्याकडे घेऊन आली. मी ते उत्तर उभ्यानं वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं.

तिनं लिहिलं होतं की ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, पुढचा हिशोब टनावर. मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन, गाडीत भरणारी बाई हिशोबाच्या त्या वहीत कुठंच नसते. पाळीत का होईना, एक दिवस बुडाला की खाडा धरतात, म्हणजे दंड कापतात. त्या खाड्याच्या धाकानं तिच्या चुलतीनं तिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढून घेतली होती. (2019 मध्ये हा विषय वर्तमानपत्रांत गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या घरात तो त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होता.) हे सांगून ती थांबली नव्हती. पुढं तिनं मांडलं होतं: मुकादमाला जोडी लागते, म्हणून आमच्याकडे लग्नं लवकर लागतात. म्हणजे लग्न ही नुसती घरातली बाब नाही, ती मजूरभरतीची रीत आहे. जिचं घरच मजुरीच्या कराराचं एकक आहे, तिच्यापुढं वैयक्तिक आणि राजकीय असे दोन भाग मुळात नव्हतेच. मग ही घोषणा गृहीत धरते ती बाई कोण? जिचं घर आणि जिचा कारखाना दोन वेगळ्या ठिकाणी आहेत, ती.

एम.ए.च्या मुलीनं, परीक्षेच्या घाईत, मराठीत, हा प्रश्न उभा केला होता. त्या पानावर तिरकी लाल रेघ होती. समासात एकच शब्द, "सिद्धांत?" आणि वर्तुळात 5.

सोळापैकी पाच!

मला अजून कळत नाही, तपासणाऱ्याला सिद्धांत म्हणजे कुठली वस्तू हवी होती. कॅरॉल हॅनिश या अमेरिकन कार्यकर्तीनं 1969 मध्ये ज्या लेखात हा विचार मांडला तो लेखच मुळात एका आरोपाला उत्तर म्हणून लिहिलेला आहे. बायका एकत्र बसून स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलत होत्या, आणि चळवळीतलेच लोक म्हणत होते की हे राजकारण नव्हे, ही मनाची मलमपट्टी आहे, ही तुमची खासगी दुखणी आहेत. हॅनिश म्हणाली, यांवर एकेकटीचं उत्तर नाही, म्हणूनच ही राजकीय आहेत. लेख 1970 मध्ये छापून आला. त्याचं गाजलेलं शीर्षकही तिनं दिलेलं नाही, संपादकांनी दिलं. आणि त्याच लेखावरच्या प्रश्नात, त्याच रीतीनं विचार करणाऱ्या मुलीवर पुन्हा तोच आरोप, लाल शाईत! ज्यानं तो शब्द लिहिला त्यानं हॅनिश वाचली असती तर हात थांबला असता.

त्याच वर्षी, त्याच प्रश्नाला, नोट्समधलं जसंच्या तसं उतरवलेलं एक उत्तर माझ्या पाहण्यात आलं. उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, प्रत्येकाची चार चार वैशिष्ट्यं, आणि शेवटी "अशा प्रकारे स्त्रीवादाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." त्याला 11. घोषणेची चिकित्सा त्यात कुठंच नव्हती. ज्यानं लिहिलं त्याला मी दोष देत नाही, काय केल्यानं गुण मिळतात ते त्याला बरोबर समजलं होतं.

आमच्या अभ्यासक्रमात राजकीय विचारवंत गोपाळ गुरूंचा 1995 चा लेख आहे, समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचा 1998 चा आहे. दलित स्त्रियांचं वेगळं बोलणं आणि दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी हे आम्ही शिकवतो, म्हणजे ज्ञान कुठं उभं राहून घडतं हे शिकवतो. रेगे पुण्यातच शिकवत होत्या, आपल्यातल्या कित्येकांनी त्यांना ऐकलंय. आता पेपरात एखादीनं "रेगे यांच्या मते अनुभव व संघर्ष यांतून ज्ञान निर्माण होते" असं वाक्य लिहिलं तर बरोबरची खूण. आणि जिनं तसं ज्ञान त्याच पानावर करून दाखवलं तिला फुली. हे वाक्य मी रागात लिहितेय, पण उद्या शांत डोक्यानं वाचलं तरी एक अक्षर बदलणार नाही.

आणि आपली परंपरा कुठली? फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईंनी 1855 मध्ये 'ज्ञानोदय' नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. निबंधच होता तो. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्माविना आहोत का, असा तर्क त्यात आहे, आणि उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांची हालतही त्यातच आहे. तर्क वेगळ्या परिच्छेदात आणि बाळंतीण वेगळ्या, अशी विभागणी त्यांनी केली नाही. ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये पुस्तक काढलं ते सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावर वर्तमानपत्रवाले जे बरळत होते त्याच्या संतापातून. त्या संतापात केवढी तर्कशुद्ध मांडणी आहे! पुरुषांचा एकेक आरोप घेऊन तो त्यांच्यावरच उलटवत जातात. आमच्या तपासनिसांनी शेरा मारला असता, भाषा भावनिक, संदर्भांचा अभाव. या दोघींची नावं लिहिली की गुण आहेत, त्यांच्यासारखं लिहिलं की नाहीत.

बरं, दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर उद्या फोन येतील. नुसतं स्वतःचं दुःख लिहिलं की उत्तर होत नाही, मान्य. अशी उत्तरं येतात, मीही त्यांना कमी गुण देते. एका दिवसात केवढा गठ्ठा संपवायचा असतो, मानधन काय मिळतं, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे काय हाल आहेत, तेही मान्य. आणि जे आपल्या बाजूचे म्हणवतात, ते आपल्याला पटणारी घोषणा दिसली की डोळे झाकून गुण वाटतात, तोही अन्यायच आहे. एका मुलानं माझ्या सगळ्यात आवडत्या भूमिकेची पुराव्यानिशी चिरफाड केली होती. त्याला मी वर्गात सर्वाधिक गुण दिले होते. पटतं का हे बघायचं नसतं. विचार पुढं सरकला का हे बघायचं असतं, आणि त्यासाठी वाचावं लागतं. मथळे मोजून ते कळत नाही.

त्या मुलीनं पुनर्मूल्यांकनाला अर्ज केला. पाचाचे सात झाले. मला वाटत होतं ती चिडेल, रडेल. तसं काही झालं नाही. पुढच्या सत्रात कामगार स्त्रियांवरच एक प्रश्न आला, तिच्या हातचा विषय. पेपरनंतर मी उत्सुकतेनं विचारलं, काय लिहिलंस गं? म्हणाली, "मॅडम, कोयता नाही लिहिला ह्या वेळी. मुद्दे लिहिले." त्या पेपरात तिला चांगले गुण मिळाले. गुणपत्रिका दाखवायला आली तेव्हा पेढेही घेऊन आली होती. मी पेढा घेतला, पाठीवर हात ठेवला, आणि ती गेल्यावर बराच वेळ काही सुचेना. दोन सत्रांत आम्ही तिला काय शिकवलं ते माझ्यासमोर होतं.

तिनं नंतर पीएच.डी.साठी अर्ज करावा म्हणून मी मागं लागले होते. "माझ्याकडं सिद्धांत नाही मॅडम," म्हणाली. तो समासातला एक शब्द तिनं खरा मानला होता. ज्यानं लिहिला तो दहा सेकंदांत पुढच्या पानावर गेला असेल.

हे टाइप करता करता राग जरा उतरलाय. त्या सरांवरही फार राग नाही आता. त्यांना कुणी हे वेगळ्या रीतीनं तपासायला शिकवलेलंच नाही. आम्हाला तरी कुणी शिकवलं? पहिल्या वर्षी गठ्ठा हातात दिला आणि लाल पेन दिलं, एवढंच प्रशिक्षण. प्रश्नपत्रिकेत "चिकित्सा करा" छापायचं आणि तपासताना पाठांतर मोजायचं हे वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात एकट्या माणसाला धरून काय होणार.

तर अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे. स्त्रीवादी सिद्धांताच्या पेपरात किमान एक प्रश्न असा हवा की विद्यार्थ्यानं वाचलेली एखादी भूमिका स्वतःच्या गावावर, घरावर, कामावर लावून तपासायची, आणि अनुभव पुरावा म्हणून चालेल हे प्रश्नातच छापायचं. मुद्द्यांच्या यादीऐवजी गुण कशाला ते लिहून द्यायचं: भूमिका नीट समजली का, उदाहरणानं ती पुढं गेली का की नुसती सजली, विरोधी बाजू घेतली का. तपासणी सुरू व्हायच्या आधी सगळ्या परीक्षकांनी एकत्र बसून चार-पाच उत्तरपत्रिका वाचायच्या आणि गुणांवर भांडायचं, म्हणजे एकाचे पाच आणि दुसऱ्याचे तेरा असं होणार नाही. आणि अशा प्रश्नाला फार कमी गुण पडले तर विद्यार्थ्यानं पैसे भरून अर्ज करण्याची वाट न बघता दुसऱ्या परीक्षकानं तो वाचायचा. खर्च वाढेल, वेळ वाढेल, हे मला ऐकवलं जाणार आहे. वाढू दे.

मसुदा तयार आहे. स्त्रीअभ्यास, समाजशास्त्र, मराठी शिकवणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, पाठवते. बैठकीआधी सह्या हव्यात. नुसतं लाइक करून जाऊ नका.