दुखतंय म्हणेपर्यंत थांबायचं कशाला?

‘रुग्णाने दुखतंय म्हटलं की मॉर्फिन द्यावं’ हे कॅन्सरच्या वेदनेवर मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक देण्याबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. कॅन्सरच्या सततच्या वेदनेत साध्या मॉर्फिन गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो, म्हणून ती घड्याळाप्रमाणेच द्यायची. मध्येच कळ आली तर डॉक्टरांनी ठरवलेला जादा डोस वेगळा. जागतिक आरोग्य संघटना 1986 पासून हेच सांगतेय. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषधही लागतंच, त्याचा तर लेखात उल्लेखच नाही!

आणि आमच्या निपाणीकडची जुनी माणसं दुखतंय म्हणतात कुठे? आत्याला कधीही विचारा, ‘बरं हाय बाळा.’ पण कूस बदलताना कपाळाला आठ्या, रात्रभर जाग, ताटात भाकरी तशीच. किती दुखतंय याचा 0 ते 10 मधला आकडा तिने सांगितला नाही, तरी हे सगळं घरच्यांनी टिपून डॉक्टरांना सांगायलाच हवं.